तांत्रिक संपादन : खोडलेल्या पानांची विद्या

(द्वितीय वर्ष, कला)

‘संपादक’ हा शब्द उच्चारला की आपणा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर वृत्तपत्राचा अग्रलेख लिहिणारा अथवा दिवाळी अंकासाठी कथा निवडणारा गृहस्थ उभा राहतो. परंतु याच नावाचा आणखी एक कामकरी आहे. यंत्राची माहितीपुस्तिका, औषधाच्या खोक्यातील घडीचा कागद, अभियंत्याचा अहवाल, विज्ञानाचे पाठ्यपुस्तक असे पुष्कळसे लेखन छापण्यापूर्वी त्याच्या हाताखालून जाते. त्यास तांत्रिक संपादक म्हणतात. त्याचे नाव बहुधा कोठेच छापले जात नाही. हा मनुष्य आपले काम कसे शिकतो आणि शिकलेले दुसऱ्यास कसे देतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम त्याचे काम वाङ्मयीन संपादनाहून वेगळे कसे ते पाहू. निबंधात एकच शब्द पुन्हा पुन्हा आला तर आपले गुण कापले जातात. म्हणून आपण एकदा ‘चंद्र’ लिहितो, एकदा ‘शशी’, तर एकदा ‘सुधाकर’. तांत्रिक लेखनात नेमका हाच गुण दोष ठरतो. बल, शक्ती आणि ऊर्जा हे शब्द आपण बोलताना खुशाल एकमेकांच्या जागी वापरतो, पण पदार्थविज्ञानात त्या तीन निरनिराळ्या राशी आहेत. चाल, वेग आणि त्वरण यांचेही तेच. लेखकाने पहिल्या परिच्छेदात ‘बल’ लिहिले आणि चौथ्यात केवळ कानाला बरे वाटते म्हणून ‘शक्ती’ लिहिले, तर नवख्या वाचकाला वाटणार की येथे काही दुसरेच सुरू झाले. तेव्हा मराठी विषयात प्रथम वर्गात आलेल्या विद्यार्थ्यालाही या कामासाठी काही गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात, आणि काही चक्क विसराव्या लागतात!

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे घरी आलेला प्रत्येक छापील कागद शेवटी माझ्यापुढे येतो. मागील हंगामात आणलेल्या एका कीटकनाशकाच्या पुस्तिकेत एका पानावर ‘दर लिटर पाण्यास २ मिली’ असे होते, तर मागच्या पानावर ठळक अक्षरांत ‘दर पंपास ३० मिली’. पाठीवरचा पंप १५ लिटरचा असेल तर दोन्ही वाक्ये जुळतात. आमचा पंप २० लिटरचा. त्यास ४० मिली हवे होते. वडिलांनी साहजिकच ठळक अक्षरांवर विश्वास ठेवला. मिश्रण पातळ झाले, अळी हटली नाही, आणि औषधाचे पैसे व मजुरी दोन्ही वाया गेली. पुस्तिका माझ्या हाती आली ती त्यानंतर.

त्या पुस्तिकेत शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती हे मुद्दाम सांगावेसे वाटते. दोन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष होती. ‘पंप म्हणजे किती लिटरचा?’ एवढा एकच प्रश्न छापण्यापूर्वी कोणी विचारला नव्हता. शेतात उभ्या असलेल्या वाचकाच्या वतीने लेखकाला असे प्रश्न विचारणे हेच माझ्या मते तांत्रिक संपादकाचे खरे काम होय. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम (१९६२ चे १४ व १९७२ ची ४ नियमांची भर) कोणालाही पुस्तकातून पाठ करता येतील. प्रश्न विचारण्याची सवय मात्र तशी पाठ करता येत नाही.

मग ती लागते कशी? बहुधा जाणत्या संपादकाच्या शेजारी बसून. तो मुद्रित तपासतो, समासात खुणा करतो, आणि शिकाऊ मनुष्य त्या खुणा पाहतो. यात एक मोठी अडचण आहे. सुताराने केलेली खुर्ची पाहून सांधा कसा बसवला याचा थोडाफार अंदाज येतो. संपादकाचे काम जितके चांगले, तितके ते दिसेनासे होते. छापलेले स्वच्छ पान पाहून कोणते वाक्य का बदलले हे कळत नाही. हल्ली संगणकावर खाडाखोडीच्या खुणा दिसतात खऱ्या, पण बदल मान्य केले की त्याही जातात. ज्येष्ठ संपादक निवृत्त झाला की त्याची विद्या त्याच्याबरोबर घरी जाते.

यावर एक उपाय अमेरिकेत कॅलिफोर्नियातील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी या संस्थेत झाला. ही संस्था अंतराळयाने पाठवण्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि तेथे अहवालांचे संपादन हेही मोठे काम असते. तेथील रॉबर्ट व्हॅन ब्यूरेन आणि मेरी फ्रॅन ब्यूलर यांनी १९७६ साली ‘द लेव्हल्स ऑफ एडिट’ नावाची छोटी पुस्तिका लिहिली. १९८० साली तिची दुसरी आवृत्ती निघाली. आपण हस्तलिखितावर नेमके काय काय करतो, याचे त्यांनी नऊ प्रकार पाडून प्रत्येकाला नाव दिले. मजकुरात ‘आकृती ४ पाहा’ म्हटले असेल तर आकृती ४ खरोखर आहे का हे पाहणे हा एक प्रकार. भाषा सुधारणे हा दुसरा. आशयाची मांडणीच तपासणे हा तिसरा. त्यांवरून पाच पातळ्या ठरवल्या. पहिल्या पातळीत नऊही प्रकार येतात, पाचव्या पातळीत फक्त कामाचा समन्वय आणि संस्थेच्या धोरणाची तपासणी. नाव मिळाल्यामुळे नव्या माणसाला काम शिकवता येऊ लागले आणि लेखकाशी भांडण न करता बोलता येऊ लागले. आमच्या पुस्तिकेतील पंपाची गफलत भाषेच्या खात्यात सापडली नसती, हेही या वर्गवारीने चटकन लक्षात येते.

मराठीतही असे सामाईक काम झालेले आहे. वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम चालले. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, पण परिभाषासंग्रह त्याआधीच, १९७३ साली प्रसिद्ध झाला होता. आधी शब्द ठरवा, मग नोंदी छापा, असा हा क्रम. अनेक विषयांचे अनेक तज्ज्ञ लिहिणार असताना याशिवाय गत्यंतर नव्हते.

अशा कामासाठी मोठी संघटना हवीच असे नाही. अमेरिकेतील तांत्रिक लेखक-संपादकांची सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन ही १९५३ पासूनची संस्था आर्थिक अडचणींमुळे जानेवारी २०२५ मध्ये बंद झाली. मोठे छप्पर गेले तरी दोघांनी एका पानावर बसून काम करण्यास कोणाची हरकत असणार?

आपल्या महाविद्यालयात ते असे करता येईल. महिन्यातून एकदा प्रत्येकाने घरातील एक छापील सूचनापत्र आणावे : बियाण्याच्या पिशवीवरचे, शिलाई यंत्राचे, बँकेच्या अर्जामागचे. दोघांनी ते निरनिराळे तपासावे आणि मग खुणा ताडून पाहाव्यात. ‘मिली’ हाच शब्द एका पानावर तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडेल, तोही टिपावा. प्रत्येक खुणेपुढे ‘का’ ते एका ओळीत लिहावे. स्वच्छ प्रत ज्याची त्याने घरी न्यावी. खोडलेले पान मात्र फाइलला लावून ग्रंथालयात ठेवावे, म्हणजे पुढील वर्षी येणाऱ्या मुलामुलींना ते पाहता येईल. फाइल आणि जाड पुठ्ठा यांचा खर्च वर्गणीतून सहज भागेल. कपाटातील एक कप्पा तेवढा ग्रंथपालांनी द्यावा.