उभ्या गाडीतील खडखडाट आणि त्याचे निदान

बेळगावहून गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गावर, अनमोड घाटाच्या अलीकडे, रामनगर हे गाव आहे. काळी नदीवरील सुपे धरणामुळे विस्थापित झालेल्या कुटुंबांचे पुनर्वसन येथे झाले. जोयडा तालुक्यातील वाड्या-वस्त्या जंगलात दूरदूर विखुरलेल्या असल्याने रुग्णास दवाखान्यात नेणे असो वा बाजारहाट असो, जीप किंवा ओम्नीसारखी गाडी हाच अनेकांचा आधार असतो. खाचखळग्यांचे जोडरस्ते आणि लांबलेला पावसाळा या दोहोंचा ताण सर्वांत आधी पडतो तो गाडीच्या तळाशी. गाडी धावताना शांत असते; मात्र कडेला उभी करून इंजिन चालूच ठेवले की पत्र्याचा खडखडाट सुरू होतो. हा आवाज कधी अगदी क्षुल्लक कारणाने येतो, तर कधी इंजिनच निकामी होण्याची ती पूर्वसूचना असते. म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी कान देणे अगत्याचे ठरते.

आवाज उभ्या गाडीतच का यावा? न्यूट्रलमध्ये इंजिन मिनिटास साधारणतः 700 ते 900 फेरे घेते. चार सिलिंडरांच्या इंजिनात 800 फेऱ्यांच्या वेगाने सेकंदाला सुमारे 27 स्फोट होतात, तर तीन सिलिंडरांच्या इंजिनात 20. इतक्या संथ गतीत प्रत्येक धक्का सांगाड्यापर्यंत पोहोचतो. रस्त्यावरून मालमोटार गेली की फळीवरचे एखादेच भांडे किणकिणते, इतर भांडी स्वस्थ राहतात. तद्वतच ज्या सैल भागाची कंपनगती या धक्क्यांशी जुळते तोच भाग वाजतो. वेग वाढला की हा मेळ मोडतो आणि आवाज थांबतो. तो थांबला म्हणजे दोष गेला, असे मात्र समजू नये.

सर्वप्रथम ऑइल पाहावे. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे व काही मिनिटांनी पट्टी काढून पातळी तपासावी. ऑइलचा लाल दिवा लागलेला असेल, अथवा इंजिनाच्या खालच्या भागातून जड ठकठक ऐकू येत असेल, तर इंजिन तत्काळ बंद करावे. अशा स्थितीत 'लोंढ्यापर्यंत तरी नेऊ' हा मोह फार महागात पडतो. गाडी ओढून न्यावी.

ऑइल ठीक असेल तर दोन माणसांनी मिळून परीक्षा करावी. चाकांना दगड लावावेत, हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा. एकाने आत बसून क्लच दाबावा. दाबताच आवाज थांबला, तर गिअरबॉक्सच्या पुढील शाफ्टच्या बेअरिंगचा संशय घ्यावा. उलट दाबल्यावरच सुरू झाला, तर क्लचचे रिलीज बेअरिंग झिजले असावे. एअर कंडिशनर चालू करताच आवाज बदलला, तर त्याची पुली व कॉम्प्रेसर पाहावा. आवाज पत्र्याचा नसून स्टिअरिंगसह सारी गाडीच थरथरत असेल, तर इंजिनाखालचे रबरी माउंटिंग चिरलेले असते, किंवा इंजिनाचा वेगच प्रमाणापेक्षा उतरलेला असतो. इंजिनाच्या वरच्या भागातील बारीक, नियमित टकटक टॅपेटची असते. ज्या इंजिनात तेथील अंतर हाताने जुळवण्याची सोय आहे, तेथे फीलर गेजने ते जुळवून घ्यावे. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून ऐकण्याची जुनी रीत आजही उपयोगी आहे; मात्र बेल्ट व पंख्यापासून दूर राहावे, कारण विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही अकस्मात फिरू लागतो.

एवढे करूनही कारण न सापडल्यास सायलेन्सरकडे वळावे. बहुसंख्य वेळा अपराधी तेथेच असतो. सायलेन्सरच्या नळीभोवती उष्णता अडवणारा पातळ पत्रा बसवलेला असतो. चिखल व ओल यांमुळे तो बोल्टभोवती गंजतो. बोल्ट घट्टच राहतो, पण पत्र्याचे भोक मोठे होते. इंजिन चालू असताना बाहेर उभे राहून लांब लाकडी काठीने तो पत्रा हलकेच दाबावा. खडखड थांबली की निदान झाले. गाडी थंड झाल्यावर रुंद वॉशर घालून बोल्ट आवळावा. भोक फारच खाल्ले गेले असेल, तर पत्रा व नळी मिळून पोलादी होज क्लिप आवळावी. प्लॅस्टिकची पट्टी तेथे क्षणभरही टिकत नाही. खाली शिरायचे झाल्यास गाडी लोखंडी घोडीवर टेकवावी, केवळ जॅकच्या भरवशावर राहू नये.

अनेक जण हा पत्रा उपटून टाकतात आणि आवाज मिटल्याचे समाधान मानतात. ही दुरुस्ती नव्हे. देशातील चार महानगरांत 1995 पासून नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, आणि पुढे तो सर्वत्र आला. चालू गाडीत हे उपकरण काही शे अंश सेल्सिअस तापते. पत्रा नसेल तर ही उष्णता वर गाडीच्या तळाला, तारांना व नळ्यांना आणि खाली जमिनीला थेट पोहोचते. फाल्गुन-चैत्रात येथील रस्त्याकडेला वाळक्या पानांचा थर साचतो, आणि काळी व्याघ्र प्रकल्पाचे अरण्य फार दूर नाही. अशा पाचोळ्यावर तापलेली गाडी उभी करणे पत्रा शाबूत असतानाही टाळावे. पत्रा काढलेला असेल तर वणव्यास निमंत्रणच.

कन्व्हर्टर थंड असताना मुठीने ठोकून पाहावा. आत खुळखुळ्यासारखा आवाज आला, तर त्यातील मातीची जाळी फुटली आहे; तो बदलण्यावाचून उपाय नाही. सांध्याजवळ काजळीचा पट्टा आणि फसफस असा आवाज असेल, तर नळी गळते आहे. ओम्नीत इंजिन पुढील आसनांखालीच असते, तेव्हा तिच्या धन्याने याबाबत विशेष जागरूक राहावे. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पावसात काचा बंद करून इंजिन चालू ठेवलेल्या गाडीत डोके दुखणे, घेरी येणे, मळमळणे असे काही जाणवताच सर्वांनी बाहेर यावे, इंजिन बंद करावे व त्रास झालेल्यास डॉक्टरांना दाखवावे.

दुरुस्तीनंतर गाडी एकदा घाट उतरून-चढून आणावी आणि ती पुरती तापलेली असताना पुन्हा कान देऊन ऐकावे. नवे वॉशर घातलेले बोल्ट गाडी थंड झाल्यावर आणखी एकदा आवळावे लागतात.