शिष्यवृत्ती परीक्षेसाठी विज्ञानाची उजळणी : जोडीचे शब्द, वेगळे अर्थ



आठवीत शिकणाऱ्या मुलामुलींसाठी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे यांच्यामार्फत दरवर्षी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा घेतली जाते. 'एन.एम.एम.एस.' या नावाने ती आपल्याला ठाऊक आहे. महाराष्ट्राच्या वाट्याला ११,६८२ शिष्यवृत्त्या येतात. निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी अशी चार वर्षे दरसाल १२,००० रुपये, म्हणजे एकूण ४८,००० रुपये मिळतात. 'दहावी झाली, आता कामाला लाग' असे परिस्थितीमुळे ज्या घरात म्हणावे लागते, त्या घरात ही रक्कम मुलाला बारावीपर्यंत टिकवू शकते. म्हणून या परीक्षेकडे गंभीरपणे पाहिले पाहिजे.

परीक्षेत दोन पेपर असतात : बौद्धिक क्षमता चाचणी व शालेय क्षमता चाचणी. प्रत्येकी ९० प्रश्न, ९० गुण व ९० मिनिटे. शालेय क्षमता चाचणीत सामान्य विज्ञानाला ३५ गुण आहेत. त्यांपैकी भौतिकशास्त्राला ११, रसायनशास्त्राला ११ व जीवशास्त्राला १३. अभ्यासक्रम सातवीचा पूर्ण व आठवीच्या प्रथम सत्राचा. या लेखात भौतिक व रसायन मिळून २२ गुणांचाच विचार केला आहे.

मी कला शाखेचा पदवीधर व बँकेतला कारकून. घरच्या आणि शेजारच्या मुलांसोबत सातवी-आठवीची पुस्तके वाचताना एक गोष्ट लक्षात आली. घरात, बाजारात आपण जे दोन शब्द एकाच अर्थाने वापरतो, ते विज्ञानात दोन वेगळ्या गोष्टींची नावे असतात. चार पर्यायांच्या प्रश्नात नेमकी तीच जोडी शेजारी-शेजारी ठेवलेली असते. आमच्या खातेवहीत 'जमा' आणि 'नावे' यांची अदलाबदल झाली तर सगळा हिशेब उलटा होतो; येथेही तसेच आहे. तेव्हा उजळणी धड्यांच्या क्रमाने न करता जोड्यांनी करून पाहा.

भौतिकशास्त्र

१) वस्तुमान आणि वजन : वाण्याकडे आपण 'एक किलो वजनाची साखर' मागतो. विज्ञानात किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक आहे. वस्तूत द्रव्य किती आहे ते वस्तुमान सांगते. ते कोठेही बदलत नाही. पृथ्वी त्या वस्तूला ज्या बलाने आपल्याकडे ओढते ते वजन. त्याचे एकक न्यूटन. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले. त्यातील 'प्रज्ञान' या फिरत्या गाडीचे वस्तुमान २६ किलोग्रॅम. पृथ्वीवर तिचे वजन २६ × ९.८ म्हणजे सुमारे २५५ न्यूटन होते. चंद्राचे गुरुत्वाकर्षण सुमारे एक षष्ठांश असल्याने तेथे ते ४२ न्यूटनच्या आसपास भरते. वस्तुमान मात्र तेथेही २६ किलोग्रॅमच. वस्तुमान ही अदिश राशी, वजन ही सदिश राशी, हेही सोबतच लिहून ठेवा.

२) अंतर आणि विस्थापन : वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो २०१४ साली सुरू झाली. तिची लांबी ११.४ कि.मी. आहे. समजा, आपण वर्सोव्याहून घाटकोपरला गेलो आणि त्याच मार्गाने परत आलो. कापलेले अंतर २२.८ कि.मी. झाले, पण निघालो तेथेच पोहोचलो, म्हणून विस्थापन शून्य. या फेरीला एक तास लागला असे धरल्यास सरासरी चाल ताशी २२.८ कि.मी. व सरासरी वेग शून्य. चालीला अंतर लागते, वेगाला विस्थापन लागते, एवढे पक्के झाले की या धड्यातील निम्मे प्रश्न सुटतात.

३) बल आणि दाब : तेवढेच बल लहान जागेवर पडले तर दाब वाढतो. दाब = बल ÷ क्षेत्रफळ. दप्तराचे वजन ६० न्यूटन आहे आणि दोन्ही पट्टे मिळून खांद्यावरील ०.००६ चौरस मीटर जागेवर टेकतात असे समजा. दाब १०,००० पास्कल येईल. पट्टे दुप्पट रुंद केले तर तो ५,००० पास्कल होईल. दप्तर तेच, बल तेच, पण खांदा कमी दुखतो.

द्रवाचा दाब खोलीनुसार वाढतो. घाटकोपर-असल्फाच्या टेकडीवर राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. पाण्याच्या टाकीची पातळी ठरलेली असते. पायथ्याच्या नळावर पाण्याचा उंच स्तंभ उभा असतो, वरच्या चाळीच्या नळावर तो कमी उंचीचा असतो. म्हणून खाली धार जोरात व वर करंगळीएवढी. दर १० मीटर उंचीमागे सुमारे ९८,००० पास्कलचा फरक पडतो.

४) विभवांतर आणि विद्युतधारा : वरचेच उदाहरण पुढे न्या. पाण्याच्या पातळीतील फरक म्हणजे विभवांतर, आणि त्यामुळे वाहणारे पाणी म्हणजे विद्युतधारा. विभवांतराचे एकक व्होल्ट, धारेचे अँपिअर. धारा = विद्युतप्रभार ÷ काळ. तारेतून १२ सेकंदांत २४ कूलोम प्रभार वाहिला तर धारा २ अँपिअर. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची पहिली गाडी धावली तेव्हा वरच्या तारेत १,५०० व्होल्ट होते. आता मुंबईच्या लोकलसाठी २५,००० व्होल्ट वापरतात आणि आपल्या घरी २३० व्होल्ट येतात. गाडीच्या टपावर चढणे जिवावर का बेतते ते या आकड्यांवरून समजावे.

रसायनशास्त्र

५) भौतिक बदल आणि रासायनिक बदल : 'जो बदल उलटा करता येत नाही तो रासायनिक' असे अनेक मुले पाठ करतात. ही खूण पुरेशी नाही. काचेचा पेला फुटला तर तो पूर्ववत होत नाही, तरी काच ती काचच राहते. म्हणून तो बदल भौतिक. खरा प्रश्न एकच विचारावा : नवा पदार्थ तयार झाला का? पावसाळ्यात खिडकीच्या लोखंडी गजांना तांबूस गंज चढतो. तो गंज लोखंडापासून वेगळा पदार्थ आहे. म्हणून बदल रासायनिक. मेणबत्तीत दोन्ही बदल एकाच वेळी होतात : मेण वितळते हा भौतिक, मेणाची वाफ जळते हा रासायनिक.

६) मिश्रण आणि संयुग : संयुगात घटकांचे प्रमाण ठरलेले असते व घटकांचे मूळ गुणधर्म राहत नाहीत. मिश्रणात प्रमाण ठरलेले नसते आणि घटक आपले गुणधर्म बऱ्याच अंशी टिकवून असतात. साखर हे संयुग, साखरेचे सरबत हे मिश्रण. मुंबईच्या पाण्याचे भांडुप येथे मोठे शुद्धीकरण केंद्र आहे. अशा केंद्रांत तुरटीसारख्या पदार्थाने मातीचे बारीक कण एकत्र येऊन खाली बसतात. गढूळ पाणी हे निलंबन आहे. गाळल्यावर ते स्वच्छ दिसते, तरी त्यात क्षार विरघळलेले असतातच. म्हणजे नळाचे पाणी मिश्रण आणि ऊर्ध्वपातित पाणी संयुग. दूध हे कलिल आहे, तेही मिश्रणच. पितळ व कांसे ही संमिश्रे. पितळात तांबे व जस्त, कांशात तांबे व कथिल.

७) अणू आणि रेणू : ऑक्सिजनचा एक अणू सुटा राहत नाही, दोन अणू मिळून ऑक्सिजनचा रेणू होतो. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन व ऑक्सिजनचा एक अणू असतो. रेणुसूत्र लिहिताना दोन्ही मूलद्रव्यांच्या संयुजा खाली लिहून त्यांचा तिरकस गुणाकार करावा. मॅग्नेशिअमची संयुजा २, क्लोरीनची १. अदलाबदल केली की मॅग्नेशिअमचा १ अणू व क्लोरीनचे २ अणू असे सूत्र मिळते.

८) अणुअंक आणि अणुवस्तुमानांक : अणुअंक म्हणजे प्रोटॉनची संख्या, अणुवस्तुमानांक म्हणजे प्रोटॉन व न्यूट्रॉन मिळून संख्या. क्लोरीनचा अणुअंक १७ व अणुवस्तुमानांक ३५ असेल तर न्यूट्रॉन ३५ − १७ = १८. इलेक्ट्रॉन १७, त्यांची मांडणी २, ८, ७. अणुअंक समान पण अणुवस्तुमानांक वेगळा, ती समस्थानिके. उदाहरणार्थ कार्बन १२, १३ व १४.

उजळणीची पद्धत

एक शंभर पानी वही घ्या. प्रत्येक पानावर मधोमध रेघ ओढून खतावणीसारखे दोन रकाने पाडा. एका बाजूला एक शब्द, दुसऱ्या बाजूला त्याचा जोडीदार. खाली ओळीने व्याख्या, एकक, सूत्र आणि आपल्या घरातले किंवा गल्लीतले एक उदाहरण लिहा. रोज दोन जोड्या पुरेत. दुसऱ्या दिवशी डावा रकाना हाताने झाकून तो तोंडी सांगा. लहान भावंडाला समजावता आले तर ती जोडी पक्की झाली असे समजा. शेवटच्या पंधरा दिवसांत घड्याळ लावून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवाव्यात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये.

सरावासाठी प्रश्न

(१) पृथ्वीवर १२ किलोग्रॅम असलेल्या वस्तूचे चंद्रावरील वस्तुमान किती?
(२) ४०० मीटर परिघाच्या मैदानाला दोन फेऱ्या मारल्यास अंतर व विस्थापन किती?
(३) ०.०३ चौरस मीटरवर ३० न्यूटन बल पडल्यास दाब किती?
(४) १.५ व्होल्टचे चार घट एकसर व समांतर जोडल्यास विभवांतर किती?
(५) कापूर उडून जाणे व कापूर जळणे हे कोणते बदल?
(६) ॲल्युमिनिअमची संयुजा ३ व ऑक्सिजनची २, तर संयुगात प्रत्येकाचे अणू किती?
(७) सोडिअमचा अणुअंक ११, अणुवस्तुमानांक २३. न्यूट्रॉन किती? इलेक्ट्रॉनची मांडणी कशी?

उत्तरे : (१) १२ किलोग्रॅम. (२) ८०० मीटर, शून्य. (३) १,००० पास्कल. (४) ६ व्होल्ट; १.५ व्होल्ट. (५) भौतिक, रासायनिक. (६) ॲल्युमिनिअमचे २, ऑक्सिजनचे ३. (७) १२, २, ८, १.

पालकांसाठी दोन शब्द

ही परीक्षा शासकीय, महापालिकेच्या व अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांसाठी आहे. विनाअनुदानित शाळेतील मुलांना बसता येत नाही. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपेक्षा अधिक नसावे. सातवीत किमान ५५ टक्के, अनुसूचित जाती-जमातीसाठी ५० टक्के गुण लागतात. अर्ज शाळेमार्फत भरला जातो, म्हणून शाळा उघडताच मुख्याध्यापकांकडे चौकशी करावी. उत्पन्नाचा व जातीचा दाखला वेळेत काढून ठेवावा. पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतात. तेव्हा मुलाच्या नावे खाते उघडून ते आधारशी जोडून घ्यावे. दाखल्यावर, आधारवर व पासबुकात नावाचे स्पेलिंग एकच असावे.

शेवटी आणखी एक जोडी : 'पात्र' आणि 'निवड'. दोन्ही पेपर मिळून ४० टक्के, अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांना ३२ टक्के मिळाले की विद्यार्थी पात्र ठरतो. निवड मात्र गुणवत्ता यादीने होते आणि तेथे एकेका गुणाला किंमत असते. ३२ टक्क्यांवर समाधान मानून थांबू नका. विज्ञानाचे हे २२ गुण समजून मिळवण्यासारखे आहेत. आपल्या वस्तीत आठवीतले मूल असेल तर सभासद बंधू-भगिनींनी ही माहिती त्याच्या घरी जरूर पोहोचवावी आणि रोज अर्धा तास त्याच्याकडून उजळणी ऐकून घ्यावी.