अंगणातून कुरणाकडे : अनुताई वाघ यांचे शिक्षणकार्य

सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा आपल्या देशातील पहिला मोठा प्रयोग बडोदे संस्थानात झाला. सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली भागात त्याचा आरंभ केला आणि १९०६ साली ही सक्ती संस्थानभर लागू झाली. मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दंड करण्याची तरतूद तीत होती. काळाच्या मानाने ही योजना फार पुढची होती, यात शंका नाही. तथापि जे मूल दिवसभर गुरे राखते, किंवा आई मजुरीस गेल्यावर धाकट्या भावंडास सांभाळीत दारात बसते, त्याच्या घरच्या माणसास दंड करून काय साधणार? शाळेची जागा ठरलेली, वेळ ठरलेली आणि मुलाने तेथे यावयाचे, हे कोणत्याही सक्तीच्या कायद्याचे गृहीतकृत्य असते. ते उलटे करून पाहण्याचे काम पुढे ठाणे जिल्ह्याच्या (१ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्याच्या) डहाणू तालुक्यात झाले. तारा मोडक यांच्या बरोबरीने ते करणाऱ्या व त्यांच्यामागे ते पुढे नेणाऱ्या अनुताई वाघ यांच्या वाटचालीचा विचार येथे केला आहे.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. तेराव्या वर्षी विवाह आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य, ही त्या काळी अनेक मुलींच्या वाट्यास येणारी कथा त्यांच्याही वाट्यास आली. अशा मुलीचे उर्वरित आयुष्य माजघरात जावयाचे, असा रिवाज होता. अनुताईंनी शिक्षण चालू ठेवले, प्राथमिक शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले, काही वर्षे खेड्यात शिकविले आणि नंतर पुण्याच्या हुजूरपागेत त्या शिक्षिका झाल्या. दिवसा शिकवावयाचे व रात्रीच्या शाळेत स्वतः शिकावयाचे, असा क्रम ठेवून त्या मॅट्रिक झाल्या. बी. ए. ची पदवी त्यांनी १९६१ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी घेतली. शिक्षणाची वेळ चुकली म्हणजे शिक्षणच चुकले, असे त्यांनी स्वतःविषयी कधी मानले नाही. पुढे इतरांच्या मुलांविषयीही मानले नाही.

१९४५ साली कस्तुरबा स्मारक निधीच्या वतीने बोरिवली येथे ग्रामसेविकांचे शिबिर भरले होते. तेथे अनुताईंची तारा मोडक यांच्याशी गाठ पडली. ताराबाईंनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासमवेत अनेक वर्षे बालशिक्षणाचे काम केले होते. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली, तीही या दोघांच्या पुढाकाराने. माँटेसरी पद्धती शहरातील सुखवस्तू मुलांपुरती न राहता खेड्यातील गरिबाच्या मुलापर्यंत न्यावयाची, हा ताराबाईंचा ध्यास होता आणि त्यास वाहून घेणारी सहकारी त्यांना हवी होती. पुण्यातील स्थिर नोकरी सोडून अनुताई समुद्रकिनाऱ्यावरील बोर्डी या गावी गेल्या. त्याच वर्षी तलासरी-उंबरगावच्या पट्ट्यात वेठबिगारी व लग्नगडीची पद्धत यांविरुद्ध वारल्यांचा लढा गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे बोर्डीच्या बालवाडीकडे पाहण्याची दृष्टी बदलते. ज्या प्रदेशात मोठ्या माणसाचे श्रमही त्याचे स्वतःचे नव्हते, तेथे बालपण मुलाचे आहे असे म्हणणे ही साधी गोष्ट नव्हती.

बोर्डी येथे बालवाडी सुरू झाली, परंतु दलित वस्तीतील मुले तीत येईनात. बोलावणी झाली, समजूत घालून झाली, उपयोग झाला नाही. कामावर गेलेली आईबापे, अंगावर धड कपडा नसणे, आणि गावातील इतर मुलांत बसण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संकोच, अशी कारणे एकात एक गुंतलेली होती. तेव्हा ताराबाई व अनुताई यांनी बालवाडीच वस्तीत नेली. एखाद्या घरापुढील अंगण झाडून घ्यावयाचे, मुलांना नाहू-माखू घालावयाचे, केस विंचरावयाचे, नखे कापावयाची, आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. यालाच अंगणवाडी हे नाव मिळाले. स्वच्छतेपासून आरंभ करण्यात मुलाला हीन लेखण्याचा हेतू नव्हता. नाहू घालणाऱ्या बाईचा हात अंगाला लागला म्हणजे लहान मूल तिला आपली समजते, हे बालशिक्षणातील साधे परंतु पुष्कळदा विसरले जाणारे सूत्र त्यामागे होते. शिवाय ज्या वस्तीत सवर्ण पाऊल टाकीत नसत, तेथे हे सर्व उघड्या अंगणात, सर्वांच्या देखत घडत होते.

साधनांविषयीही तेच धोरण राहिले. माँटेसरीची मूळ साधने महाग असल्याने ती खेड्यात न्यावयाची कशी, असा प्रश्न होता. शंख-शिंपले किनाऱ्यावर फुकट मिळत. चिंचोके, बिया, खडे, पाने, बांबूचे तुकडे, माती यांतून मोजणी, वर्गीकरण, रंग व आकार यांची ओळख होत असे. साधन मुलाच्या ओळखीचे असल्यामुळे ते हाताळताना मोडेल ही धास्ती राहत नसे, आणि हा लाभ केवळ काटकसरीचा नव्हे.

१९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर आले. भोवती विखुरलेले वारल्यांचे पाडे, कुडाची घरे, पावसाळ्यात भाताची लावणी व त्यानंतर भातकापणी आणि गवतकापणीची मजुरी. येथे अंगणवाडीनेही भागेना, कारण अंगणात मुले सापडत नसत. सहा-सात वर्षांचे मूल म्हणजे कुटुंबाचा कामकरी घटक. मोठी मुलगी भावंड सांभाळी, मुलगा गुरे घेऊन जाई. यास्तव पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा ही एकाच आवारात एकमेकांलगत ठेवण्यात आली. विकासवाडी ती हीच. भावंड पाळणाघरात राहिले म्हणजे मुलगी शेजारच्या वर्गात बसू शके. मुलींची गैरहजेरी हा बापाच्या अनास्थेचा प्रश्न नसून तिच्या हाती सोपविलेल्या भावंडाचा आहे, हे एकदा ओळखल्यावर उपाय तितकासा अवघड राहिला नाही.

गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. शिक्षकाने गुरांच्या मागोमाग कुरणात जावयाचे. गुरे चरत असताना झाडाखाली जेवढी मुले जमतील तेवढ्यांचा वर्ग. जनावर दुसऱ्याच्या शेतात शिरू लागले की एकाने उठून ते वळवावयाचे व पुन्हा येऊन बसावयाचे. येथे घंटा नाही, तास नाहीत. पाठ लहान असावा लागे, कारण तो केव्हा तुटेल याचा नेम नसे. आणि प्रत्येक पाठ त्या दिवसापुरता पुरा व्हावा लागे, कारण आजचे मूल उद्या दुसऱ्या कुरणात असण्याचा संभव. शिकविण्याचा विषय समोरच पसरलेला असे : झाडे, पक्षी, ढग, गुरांची संख्या, उन्हाच्या सावलीवरून वेळ. वारली बोलीतील शब्द शिक्षकालाच आधी शिकावे लागत. प्रमाण मराठी न समजणारे मूल मंद नसते, त्याची भाषा निराळी असते, एवढे मान्य केल्यावाचून कुरणशाळा चालणे शक्य नव्हते. प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकासही ही शाळा जड जात असावी, असे तिच्या स्वरूपावरून म्हणता येईल. हजेरीपटावर भिस्त ठेवणाऱ्यास ती मानवणारी नाही.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाईंचे निधन झाले आणि संस्थेची सर्व जबाबदारी अनुताईंवर आली. तोवर त्यांच्या कामाचा केंद्रबिंदू मूल होता. आता परीघ वाढला. पाड्यांवरील स्त्रियांचे संघटन, मूकबधिर मुलांची शाळा, ‘शिक्षणपत्रिका’ व ‘सावित्री’ या मासिकांचे संपादन, बालवाडी चालविणाऱ्या सेविकांसाठी पुस्तके, असा त्यांचा व्याप होता. यांत सेविकांचे प्रशिक्षण सर्वांत महत्त्वाचे मानावे लागेल. शहरातून आलेली शिक्षिका बदली होऊन जाते, पाड्यावरची सेविका पाड्यावरच राहते. आपल्याच वस्तीतील एक स्त्री चार अक्षरे शिकून मुलांपुढे उभी राहते, हे पाहणाऱ्या इतर स्त्रियांनाही त्यातून पुष्कळ काही कळत असते. १९८५ साली भारत सरकारने अनुताईंना पद्मश्री देऊन गौरविले. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात सुरू झाली आणि तिच्या केंद्रास अंगणवाडी हे नाव मिळाले. नाव देशभर गेले. पोषण, लसीकरण व आरोग्यतपासणी यांचा व्याप तीत आला, आणि तो आवश्यकच होता. मात्र अंगणवाडी ही हळूहळू इमारत झाली. मूल तिच्याकडे येऊ लागले, ती मुलाकडे जाईनाशी झाली. मूळ कल्पना अधिक जिवंत राहिली ती इतरत्र : ऊसतोडणी कामगारांच्या मुलांसाठी साखर कारखान्यांच्या परिसरात निघालेल्या साखरशाळांत, वीटभट्ट्यांवरील भोंगाशाळांत. दिवाळीनंतर मराठवाड्यातून ऊसतोडीसाठी निघणाऱ्या कुटुंबातील मूल आणि कोसबाडच्या कुरणातील गुराखी मूल यांच्यापुढील अडचण एकाच जातीची आहे. दोघांनाही शाळा नको असते असे नाही. शाळा जेथे आहे तेथे ती नसतात.