शिशुवर्गातील नाताळ व आपले लेकरू

शिशुवर्गात नाताळचा समारंभ ठरला की आईबाप नव्या कपड्यांची चिंता करितात; लेकराच्या मनाची तयारी मात्र राहून जाते. आमच्या मते तीच आधी करावी. आदल्या रात्री त्यास क्रमाने सांगावे: प्रथम गीते, मग खाऊ, मग आई न्यावयास येईल. कापसाची दाढी लावलेला नाताळबाबा पाहून पुष्कळ लेकरे भेदरतात. (रोमास जाताना पौलाने जेथे जहाज बदलले, त्या मुर्याचा चौथ्या शतकातील बिशप निकोलस, त्याच्यावरून हे सोंग आले.) यास्तव बापाने घरीच लेकरादेखत कापूस लावून काढून दाखवावा. तरीही ते रडले, तर नाताळबाबाच्या मांडीवर बळेच बसवू नये. वर्गाच्या बाईंस तसे आधीच कळवावे. आणि डब्यात अख्खे शेंगदाणे देऊ नयेत. लहानग्यांच्या श्वासनळीत ते अडकू शकतात.