आजचा पाठ : आधी गरे, मग गुरू

 

संत सोहिरोबानाथ आंबिये बांद्याचे कुलकर्णी. परंपरा सांगते, सावंतवाडीला जाताना वाटेत रानात भूक लागली म्हणून त्यांनी फणस फोडला. इतक्यात एका अनोळखी साधूने खायला मागितले. त्यांनी गरे पुढे केले. ते साधू म्हणजे गहिनीनाथ!

बघा हं, गुरू म्हणून ओळखून दिले नव्हते. भुकेला म्हणून दिले. कृपा मागाहून झाली.

आपण रोज आरतीला हात जोडतो. पण मेरेवरून शेजाऱ्याशी वर्षभर अबोला धरतो. मग नाम मुरले कुठे?

घरी फणस फोडाल तेव्हा पहिला वाटा त्याच्या दारी न्यावा. तो बोलला नाही, तरी ठेवून यावा. हीच आजची सेवा.