पुस्तकातली आजी : माधुरी पुरंदरे यांची चित्रे

आंबेनळी घाटाने प्रतापगडावर जाणाऱ्याला बाबासाहेब पुरंदरे कोण हे सांगावे लागत नाही. त्यांच्या कन्या माधुरी पुरंदरे मात्र आमच्या वर्गात फारशा कुणाला ठाऊक नव्हत्या. मुलांच्या पुस्तकावर आपण लेखकाचे नाव वाचतो, चित्रकाराचे सोडून देतो. (मीही त्यातलाच!)

जन्म १९५२ चा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षण, पुढे फ्रान्समध्ये ग्राफिक कलेचा अभ्यास. पिकासोचे चरित्रही त्यांनी लिहिले. एवढ्या तयारीच्या चित्रकर्तीने मुलांसाठी काढले काय? तर ‘राधाचं घर’! त्यात राजपुत्र नाहीत, पऱ्या नाहीत. आईबाबा आहेत, आजीआजोबा आहेत. मातोश्री निर्मलाताईंनी १९८१ मध्ये ‘वनस्थळी’ स्थापून खेड्यांतल्या बालवाड्यांचे काम उभे केले. कलाशाळेइतकाच हा वारसाही या चित्रांमागे असावा, असे मला वाटते. २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला.

ते पुस्तक मी वाडीवर नेले. धाकट्या बहिणीला अजून अक्षरओळख नाही. पण चित्रातल्या आजीवर बोट ठेवून ती आमच्या आजीच्या तक्रारी सांगू लागली. आजी चुलीपाशी बसून सगळे ऐकत होती.