फोटो एडिटिंग : माल उठून दिसावा, पण खोटा दिसू नये



मागच्या व्हिडिओत खिडकीच्या उजेडात मोबाईलने प्रॉडक्टचा फोटो कसा काढायचा ते बघितलं. आज पुढची पायरी, म्हणजे एडिटिंग. व्हिडिओ बघताना हात अडकतात, म्हणून सगळ्या स्टेप्स इथे सविस्तर लिहून देतोय. मोबाईल शेजारी ठेवा आणि वाचता वाचता करून बघा.

आधी एक अनुभव सांगतो. आमच्या वर्गाला एक ताई यायच्या. घरून कॉटन साड्या विकायच्या. त्यांनी आमसुली रंगाच्या साडीचा फोटो काढला. फोटो जरा मळकट वाटला म्हणून एक तयार फिल्टर लावला आणि सॅच्युरेशन भरपूर वाढवलं. साडी एकदम डाळिंबी दिसायला लागली. व्हॉट्सॲपवर टाकली आणि दोन दिवसांत पाच ऑर्डर्स! ताई खूश. आठवड्याने त्यातल्या तीन साड्या परत आल्या. "ताई, फोटोतला रंग हा नाहीच," असं तिघींचंही म्हणणं. त्यातल्या एक तर जुन्या गिऱ्हाईक होत्या. त्यांनी पुन्हा ऑर्डर दिली नाही.

आता हिशोब करा. समजा एका साडीमागे तुम्हाला २०० रुपये सुटतात आणि कुरिअरला एका बाजूने ९० रुपये लागतात. साडी परत आली की जाण्यायेण्याचे १८० रुपये गेले आणि नफाही गेला. म्हणजे एका परत आलेल्या साडीने दुसऱ्या विकलेल्या साडीची जवळजवळ सगळी कमाई खाल्ली. आणि गेलेला विश्वास कुठल्या वहीत लिहिणार?

शिवाय कायद्याची बाजूही आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे, ऑनलाइन विकलेली वस्तू जाहिरातीत दाखवल्यासारखी नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. म्हणून आजच्या धड्याचं सूत्र एकच : कॅमेऱ्याने केलेली चूक दुरुस्त करायची, वस्तूचा दोष लपवायचा नाही.

एडिटिंगच्या आधी दोन गोष्टी

पहिली : फोटो काढताना घरातली ट्यूबलाइट आणि बल्ब बंद करा. खिडकीचा उजेड निळसर असतो, साध्या बल्बचा पिवळसर. दोन्ही एकत्र पडले तर साडीची एक बाजू निळी आणि दुसरी पिवळी येते. मग एडिटिंगमध्ये एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते. उजेड एकाच जातीचा हवा.

दुसरी : वस्तूशेजारी एक पांढरा कागद ठेवून एक जादा फोटो काढा. साधा झेरॉक्सचा कागद चालतो. याचा उपयोग पुढे कळेल.

सहा पायऱ्या, याच क्रमाने

मी स्नॅपसीड हे ॲप वापरतो. फुकट आहे, जाहिराती नाहीत. तुमच्या फोनमध्ये बटणांची जागा थोडी वेगळी असू शकते, पण कामं तीच. कॉम्प्युटर असेल तर गिम्प हे सॉफ्टवेअरही मोफत आहे.

१. सरळ करा आणि कापा. टेबलाची कड तिरकी असेल तर रोटेट करून सरळ करा. मग क्रॉप. मागचा स्विचबोर्ड, कपाटाचं हँडल, कोणाची चप्पल, सगळं बाहेर. वस्तूभोवती थोडी मोकळी जागा राहू द्या, अगदी चिकटून कापू नका.

२. व्हाइट बॅलन्स. रंगाच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. कॅमेरा उजेडाचा अंदाज करतो आणि पुष्कळदा चुकतो. इथे तो पांढरा कागद कामाला येतो. कागदवाला फोटो उघडा, व्हाइट बॅलन्समधला ड्रॉपर घ्या आणि कागदावर टेकवा. आपण ॲपला सांगतोय, "बाबा रे, हे पांढरं आहे, बाकीचे रंग त्याप्रमाणे लाव." कागद पांढरा झाला की साडी आपोआप मूळ रंगावर येते. तिथले आकडे टिपून ठेवा आणि त्याच उजेडात काढलेल्या बाकी फोटोंना तेच लावा.

३. उजेड. ट्यून इमेजमध्ये जा. फोटो अंधारा असेल तर लगेच ब्राइटनेस वाढवू नका, त्याने पांढरे भाग फटफटीत होतात. आधी शॅडोज थोडं वाढवा, म्हणजे फक्त काळोखे भाग उजळतील. चकाकणाऱ्या वस्तू असतील, उदाहरणार्थ स्टीलचे डबे, इमिटेशन दागिने, लोणच्याची बरणी, तर हायलाइट्स थोडे कमी करा. मग गरज असेल तरच ब्राइटनेस.

४. सॅच्युरेशन. इथेच बहुतेकांचा हात सुटतो. लाल तिखटाचं उदाहरण घ्या. सॅच्युरेशन फार वाढवलं की पुडीतले कण, बिया, पोत सगळं नाहीसं होतं आणि एक सपाट लाल डाग उरतो. बघणाऱ्याला वाटतं, यात रंग मिसळलाय! म्हणजे आपलं शुद्ध तिखट आपणच भेसळीचं करून दाखवलं. माझा नियम : व्हाइट बॅलन्स नीट झाला असेल तर सॅच्युरेशनला हात लावायची गरज क्वचितच पडते.

५. डाग काढणे. हीलिंग टूलने टेबलावरची धूळ, उडालेला दोरा, पाण्याचा थेंब खुशाल पुसा. पण कापडावरची विणीची गाठ, मातीच्या भांड्यावरचा भट्टीचा काळा ठसा पुसू नका. तो मालाचा भाग आहे. उलट तो दाखवा आणि खाली लिहा, "हाताने केलेली वस्तू आहे, प्रत्येक नग थोडा वेगळा." गिऱ्हाईक त्याचे जादा पैसे देतं.

६. डिटेल्स. विणकाम, जर, चकलीचे काटे उठून दिसावेत म्हणून स्ट्रक्चर थोडंसं वाढवा. जास्त झालं की खाण्याचा पदार्थ खरखरीत, शिळा दिसतो.

झालं! आता फोटोवर बोट दाबून धरा, मूळ फोटो दिसेल. मग प्रत्यक्ष वस्तू स्क्रीनशेजारी धरा, दिवसाच्या उजेडात. जुळते का बघा. शेवटी निकाल वस्तू देणार, स्क्रीन नाही.

पैठणीवाल्यांसाठी खास

धूपछाव पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो. त्यामुळे कोन बदलला की रंग बदलतो. असा माल एका फोटोत मावतच नाही, कितीही एडिट करा. दोन कोनांतून दोन फोटो टाका, जमलं तर पदर हलवतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ द्या आणि दोन्ही रंगांची नावं लिहा.

मग कल्पकता कुठे वापरायची?

"सर, सगळं खरंच दाखवायचं तर मजा काय?" असा प्रश्न दर बॅचमध्ये येतो. मजा आहे ना! कल्पकता वस्तूच्या भोवती वापरा.

समजा दिवाळीच्या फराळाची पोस्ट करायचीय. चिवड्याच्या ताटाचा फोटो घ्या, वरच्या सहा पायऱ्या करा. मग ब्लॅक अँड व्हाइट लावा. आता व्ह्यू एडिट्समध्ये जाऊन त्या स्टेपवरचा ब्रश निवडा आणि फक्त मागच्या भागावर फिरवा. मागचं सगळं कृष्णधवल होतं आणि ताटातला चिवडा तेवढा रंगीत राहतो. नजर थेट तिथेच जाते. चिवड्याचा रंग मात्र जसाच्या तसा.

मागची भिंत धूसर करायला लेन्स ब्लर आहे, कडा किंचित काळ्या करायला विनेट. एका फोटोला एकच करामत पुरे. आणि मजकूर टाकलात तर नाव, वजन, किंमत, बास. त्यावर चार फुलं आणि तीन फाँट नकोत.

कुठे कसा टाकायचा?

- व्हॉट्सॲप : फोटो पाठवताना लहान होतो. बारीक काम दाखवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.
- इन्स्टाग्राम : उभी पोस्ट १०८० बाय १३५० पिक्सेल ठेवा.
- ॲमेझॉन : मुख्य फोटोला पूर्ण पांढरी पार्श्वभूमी लागते आणि वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापावा लागतो. करामती फोटो तिथे चालत नाहीत.

मूळ फोटो कधीही डिलीट करू नका. नेहमी कॉपी सेव्ह करा. गिऱ्हाइकाने शंका काढली तर मूळ फोटो दाखवता आला पाहिजे.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमची सगळ्यात जास्त परत येणारी किंवा सगळ्यात जास्त प्रश्न विचारली जाणारी एक वस्तू निवडा. पांढऱ्या कागदासह तिचा नवा फोटो काढा, सहा पायऱ्या करा. मग घरातल्या अशा माणसाला दाखवा ज्याने ती वस्तू पाहिलेली नाही. फोटो बघितल्यावर वस्तू हातात द्या आणि एकच प्रश्न विचारा, "वेगळी वाटते का?"

"नाही, तश्शीच आहे," असं उत्तर आलं की समजा तुम्हाला एडिटिंग जमलं.

त्या साडीवाल्या ताईंनीही हेच केलं. आमसुली साडी आमसुलीच दाखवली. त्या वेळी पाच नाही, तीनच ऑर्डर्स आल्या. पण एकही परत आली नाही.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत हात चालू ठेवा!